दोन जास्त

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हतं. सहा वर्षांची असताना घरी आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यातल्या चुका तिने एकेक करून काढून दाखवल्या होत्या. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले, आणि आईच्या तोंडून वैतागाने जे निघालं ते तिला कायमचं चिकटलं. आता ती पंधराची होती, वर्गात पहिली यायची आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. हुशार होती, त्यात वादच नाही. पण हुशारीसोबत थोडा धीर लागतो, तो तिच्या वाट्याला आला नव्हता.

बारकी आठ वर्षांची, मास्तरणीच्या मावशीची मुलगी. ही मावशी एका मोठ्या जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, सात-सात महिने पाण्यावर. तिला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दीड वर्षापूर्वी ती लेकीला बहिणीकडे, म्हणजे मास्तरणीच्या आईकडे, ठेवून गेली; बारकी तिला मावशी म्हणायची. जाताना म्हणाली, "त्रास देणार नाही ग ती." आणि बारकीने आईचा हा शब्द असा पाळला, की कधीकधी ती घरात आहे हेच विसरायला व्हायचं. जेवताना वाढून घ्यायची नाही. पाय दुखला तर लंगडायची, पण सांगायची नाही.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत राहणं, पुढच्या खोलीत आईचं शिवणकाम. कोट, पँटी, शाळांचे गणवेश. भिंतीला लागून दोन यंत्रं, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर कापडाचे तुकडे बाजूला सारून मांडलेली बारकीची वही. त्या वहीचीच ही सगळी कटकट होती.

शाळेतून चिठ्ठी आली होती. तिसरीच्या बाईंनी लिहिलं होतं, की मुलगी गणितात फार मागे आहे, लक्ष देत नाही, उत्तरं अंदाजे ठोकते. शुक्रवारी पुन्हा परीक्षा घेऊ, त्यात निभावलं नाही तर दुसरीच्या वर्गात बसवावं लागेल. आईने चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला, कारण त्याच आठवड्यात जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं आणि मावशीचा फोन येऊन गेला होता. मावशी म्हणाली होती, "तुझ्यावर किती भार टाकू? तिला झेपत नसेल तर मी वसतिगृहातच घालते. तिथे निदान शिकवायला माणसं असतात." फोन स्पीकरवर होता. बारकी टेबलाखाली बसून पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करत होती. तिने सगळं ऐकलं, आणि टाचण्या डबीत भरून डबीचं झाकण लावलं.

"मी शिकवते तिला," मास्तरीण म्हणाली. "चार दिवसांत चोख करून देते."

तिचा जीव बारकीसाठी तुटत होता असं समजू नका. आईने तिला शब्द दिला होता, की बारकी पास झाली तर या सुट्टीपासून कापायची मोठी कात्री तुझ्या हातात देईन. दुसऱ्याच्या कापडाला स्वतः कात्री लावायची, हे मास्तरणीचं वर्षभराचं स्वप्न होतं. मागे एकदा तिला ती संधी मिळाली होती आणि त्याचा विचका झाला होता. त्याबद्दल ती बोलत नसे.

सोमवारी शिकवणी सुरू झाली आणि सोमवारीच मास्तरणीचं डोकं फिरलं.

"ही रेघ मोज."

बारकीने पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि वहीत लिहिलं: साडेसात.

"साडेसात? अग, डोळे कुठे ठेवलेस, दप्तरात? साडेपाच आहे ती!"

"हो ताई."

"मग साडेसात का लिहिलंस?"

बारकीने पट्टी पुढे सरकवली. पुढची रेघ चारची होती, तिने सहा लिहिली. दहा किलोंतले तीन किलो दिले तर उरले किती? नऊ. मास्तरणीने आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग टेबलावर पट्टी आपटली, आणि मंगळवारी ती पट्टी एकदा बारकीच्या बोटांवर आली. फार जोरात नाही, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. बारकीने हात मागे घेतला, बोटं फ्रॉकला पुसली आणि पुन्हा पेन्सिल धरली.

"तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का ग? दगडाला शिकवलं असतं तर दगड बोलला असता."

"पुन्हा करते ताई," बारकी म्हणाली.

यंत्रावरून आईने मान वर केली. "ए बाई, हळू जरा. लेकरू आहे ते."

"लेकरू कसलं, मुद्दाम करतेय ती!" मास्तरीण म्हणाली आणि पाय आपटत मागच्या खोलीत गेली.

मुद्दाम हा शब्द तिने रागात वापरला होता, पण तोच तिच्या डोक्यात घोळत राहिला. कारण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. अंदाजे ठोकणाऱ्याची उत्तरं कधी कमी येतात, कधी जास्त. बारकीचं एकही उत्तर कमी आलं नव्हतं. प्रत्येक वेळी जास्त, आणि प्रत्येक वेळी दोननेच.

बुधवारी दुपारी आई गणवेशांचा गठ्ठा पोचवायला गेली होती. मास्तरीण शाळेतून लवकर आली. पुढच्या खोलीत बारकी एकटीच होती, टेबलाशी पाठमोरी. तिला चाहूल लागली नाही. ती एक पेन्सिल मोजत होती. पट्टी लावून तिने स्वतःशीच म्हटलं, "नऊ." पट्टी उचलून पुन्हा लावली. "नऊ." दुसऱ्या बाजूने लावली. "नऊच." असं तिने पाच वेळा केलं. मग पेन्सिल उचलून तिने वहीत लिहिलं: अकरा.

मास्तरीण दारातच खिळली. ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच चूक दिसल्यावर ती काही बोलली नाही. ती आत आली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

"तोंडाने नऊ म्हणालीस ना?"

बारकी दचकली. "हो."

"मग अकरा कशाला लिहिलंस?"

"कमी पडू नये म्हणून."

"काय कमी पडणार आहे? पेन्सिल आहे ती."

बारकीने तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत लबाडी नव्हती, हट्ट नव्हता. मोठ्यांना इतकी साधी गोष्ट कशी कळत नाही, असा प्रश्न तेवढा होता. "मावशी पण कापताना दोन जास्त धरते ना? मग कमी पडत नाही. मी मागे नीट बघितलं होतं ताई, खूप नीट. तरी बाह्या कमी पडल्या. मला नीट दिसतं तेव्हाच चुकलेलं असतं. म्हणून मी दोन जास्त लिहिते."

 त्या बाह्यांचं खरं काय झालं होतं, ते या जगात फक्त तिला एकटीला माहीत होतं.

सात-आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लोकरीचा कोट शिवायला आला होता. कापड त्यांनी परदेशातून आणलेलं, मऊ, राखाडी. या घरात मापं घ्यायची एक रीत ठरून गेली होती. आई टेपचं एक टोक गिऱ्हाइकाच्या खांद्याशी धरायची, बारकी दुसरं टोक मनगटाशी धरून आकडा वाचायची, कारण आईला चष्म्याशिवाय जवळचं बारीक दिसत नसे, आणि मास्तरीण तो वहीत उतरवायची. बारकीला या घरात आल्यापासून आपलं म्हणून मिळालेलं हे एकच काम होतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की ती टेप गळ्यात अडकवून उभी राहायची, आणि आकडा अशा खणखणीत आवाजात सांगायची, की एरवी मूग गिळून बसणारी ती हीच का, असं वाटावं.

त्या दिवशी तिने सांगितलं होतं, "तेवीस!" मास्तरणीने तेवीस लिहिलंही होतं. संध्याकाळी आईने पहिल्यांदाच खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाह्या तू आख आणि तूच काप." शिवणीत आणि दुमडीत जायला मापाहून दोन इंच जास्त कापड सोडायचं असतं. शिंपी त्याला माया म्हणतात. मास्तरणीला हे बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण कात्री हातात आल्याच्या आनंदात तिने बरोबर तेवीसवर रेघ मारली आणि तिथेच कापलं. बाह्या शिवून झाल्या तेव्हा एकवीस भरल्या.

आई आत भाजी चिरत होती. मास्तरणीने मापाची वही काढली, रबराने तीन खोडला, तिथे एक लिहिला, आणि मग हाक मारली, "आई, बघ ना, बारकीने माप चुकीचं सांगितलं!"

सगळं खापर बारकीवर फुटलं ते असं. आईने बारकीला मारलं नाही की ओरडली नाही. तिने फक्त तिच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे, तू लहान आहेस. यापुढे माप मी ताईकडून वाचून घेईन." बारकी त्यावर भांडली नाही. दारामागे जाऊन रडली, आणि तेही असं, की आवाज बाहेर येऊ नये. कोटाला दुसरं कापड जोडून निभावून नेलं, डॉक्टरीणबाई नाक मुरडून कोट घेऊन गेल्या, आणि आठवड्याभरात सगळे ते विसरले. मास्तरीणही जवळजवळ विसरली. विसरणं तिच्या सोयीचं होतं.

आणि इथे हे एवढंसं पोर आठ महिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता जगत होतं.

मास्तरणीने आधी सोपी वाट धरून पाहिली. खरं सांगितल्याशिवाय भागलं तर तिला हवंच होतं, ते कशाला लपवा. "हे बघ बारके, कापडाला जास्त सोडायचं असतं, वहीत नाही. जे दिसतं तेच लिही. तुझं बरोबर असतं."

"हो ताई," बारकी म्हणाली, आणि पुढची कापडाची पट्टी सात भरली तरी तिने नऊ लिहिलं. मग मास्तरणीचा चेहरा बघून घाईघाईने खोडलं आणि आठ केलं. "एकच जास्त घेतलंय," ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

गुरुवार उजाडला. परीक्षेला एक दिवस राहिला. शाळेतून येताना बारकीने विचारलं, "ताई, वसतिगृहात आपली उशी नेता येते का?"  मास्तरणीने बारकीचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तेवीस बरोबर होतं. मी जास्त सोडायला विसरले. मी आकडा खोडला. मी खोटं बोलले.

बारकीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने मास्तरणीच्या गुडघ्यावर हात ठेवला, एखादी म्हातारी ठेवते तसा. "असू दे ताई," ती म्हणाली. "मी पास व्हावं म्हणून तू असं सांगतेयस ना? पण तू चुकत नाहीस. सगळ्यांना माहितीये."

आता काय करावं? स्वतःचं इतकं मोठेपण करून ठेवलेलं, की खरं बोललं तरी कुणाला पटेना! त्या पायरीवर मास्तरणीला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी ती पुन्हा कधी वाटली नसेल. आपण हिला दगड म्हणालो, बोटांवर पट्टी मारली, आणि ही आपल्यालाच समजावतेय. आणि तिला हेही कळून चुकलं, की आता एकच माणूस उरलंय, ज्याने हे खरं मानलं तर बारकीला पटेल.

घरी आई एका पँटची दुमड उसवत होती. मास्तरणीने फळीवरून मापाची वही उतरवली, कोटाचं पान काढलं आणि आईसमोर ठेवलं.  कात्री गेली, हे तिला वाटेतच समजलं होतं. आईच्या नजरेतून आपण उतरणार, हेही समजलं होतं. त्याचीच भीती जास्त होती.

"आई, हे पान उजेडात धर."

"का ग? काय झालं?"

"धर ना."

आईने चष्मा चढवला आणि पान खिडकीशी धरलं. पेन्सिलीने लिहिलेला एकचा आकडा वर होता, पण कागदात रुतलेला जुना तीन त्याच्याखाली स्पष्ट दिसत होता. रबराने कागद विरला होता. आईने त्या खुणेवरून बोट फिरवलं. बारकी दप्तर पाठीवरच ठेवून दाराशी उभी होती.

"तिने तेवीसच सांगितलं होतं," मास्तरीण म्हणाली. "मी बरोबर तेवीसवर कापलं. मग मी हे खोडलं. आणि ती तेव्हापासून सगळ्यात दोन जास्त लिहिते आई, तिला वाटतं तिचे डोळेच खोटे आहेत."  ती रडायला लागली, आणि हे रडणं दिखाव्याचं नव्हतं.

आईने वही मिटली. मास्तरणीला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटेल. सुटला असता तर बरं झालं असतं.  पण आई खुर्चीवरून उठली, दाराशी गेली आणि बारकीसमोर खाली बसली.

"बारके, मी तेव्हा हे पान उजेडात धरलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचे कपडे मी किती वर्षं शिवतेय! त्यांची बाही एकवीस नाही, हे मला झोपेतसुद्धा कळायला हवं होतं. पण तू उलट बोलत नाहीस ना, म्हणून तुझ्यावर ढकलणं सोपं गेलं. माझंही चुकलं बाळा. तू बरोबर सांगितलं होतंस."

बारकीने आईकडे बघितलं, मग वहीकडे, मग मास्तरणीकडे. मास्तरणीकडे ती फार वेळ बघत होती. तिला मिठी मारायला मास्तरीण एक पाऊल पुढे आली, तशी बारकी एक पाऊल मागे सरकली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आत जाऊन ती रडली, या वेळी मोठ्याने. सगळ्या घराला ऐकू गेलं. शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

"काही नाही आजी," आई म्हणाली. "रडू दे तिला. बरेच दिवसांचं आहे."

मग आईने मोठी कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच ती मास्तरणीला म्हणाली.

शुक्रवारी मास्तरीण आपल्या पहिल्या दोन तासांना दांडी मारून बारकीच्या वर्गाबाहेर बाकावर बसली. आत बारकी एकटी, समोर बाई आणि दहा प्रश्नांचा कागद. दाराच्या काचेतून तिची मान तेवढी दिसत होती. ती मोजत होती, थांबत होती, पुन्हा मोजत होती. चौथ्या प्रश्नाला तिची पेन्सिल इतका वेळ हवेत राहिली, की मास्तरणीने बाकाची कड घट्ट धरली. स्वतःच्या कुठल्याही परीक्षेला तिची अशी पाचावर धारण बसली नव्हती. शिकवताना आपण हिच्या मानेकडे, बोटांकडे, थांबण्याकडे एकदा जरी असं बघितलं असतं तर, असं तिला राहून राहून वाटत होतं.

अर्ध्या तासाने बाई बारकीला घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. "दहापैकी नऊ बरोबर," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस काय झालं होतं हिला? असो, तिसरीतच राहू दे." आणि कागद बारकीच्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

मास्तरणीला उडी मारावीशी वाटली. "नऊ! बारके, नऊ! दाखव बघू, कुठलं चुकलं?" आणि सवयीने तिने हात पुढे केला.

बारकीने कागद पाठीमागे धरला.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"मी दारामागे रडत होते ना, तेव्हा तुला माहीत होतं, की मी नीट सांगितलं होतं?"

"हो."

"मग तू काय करत होतीस?"

खोटं बोलायला मास्तरणीकडे आता काही उरलं नव्हतं. "बटणं लावत होते."

"माझ्याकडे बघितलंस?"

"एकदा."

"मग?"

"मग पुन्हा बटणं लावली."

बारकीने मान हलवली. तिने तो कागद चार घड्या करून दप्तरात आत सरकवला आणि चेन ओढली.

"मी तुला ताईच म्हणेन," ती म्हणाली. "पण माझी वही यापुढे मावशीला दाखवेन."

"बरं," मास्तरीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. बारकी वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसली. मास्तरीण उरलेल्या तासांसाठी आपल्या शाळेकडे निघाली.